वड्याचे तेल वांग्यावर

माझ्या अक्काला सौंसरला दिली, त्याला आता ३२ वर्षे झाली. सौंसर म्हटले की आपल्याकडची माणसे "हे कुठे आले?" असे विचारतात. नागपूरहून उत्तरेला निघून महाराष्ट्राची हद्द ओलांडली की हा संत्र्यांच्या बागांचा मराठी मुलूख लागतो. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. त्याच वेळी आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. आपल्या घरात मराठीत कन्नड मिसळते, अक्काच्या घरात हिंदी. एवढाच काय तो फरक!

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी मी तिच्याकडे आठ दिवस राहायला गेले होते. अक्का घरी ब्लाऊज शिवते. गणपतीत तिकडे महालक्ष्म्या बसतात, त्यामुळे त्या दिवसांत तिच्याकडे कापडांचा ढीग असतो. पण दोन वर्षांपासून तिचे गुडघे दुखतात. पायाने मशीन चालवणे होत नाही. म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या भाचीने आईसाठी ऑनलाइन मोटर मागवली. मोटर, ती बसवायची पट्टी, बेल्ट आणि पायाखाली ठेवायचा रेग्युलेटर, असा सगळा संच होता.

खोके आले. अक्काने आधी हळदकुंकू वाहिले, मग कात्रीने चिकटपट्टी कापली. भावजी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले. अर्धा तास खटपट केली, पण पट्टीचे भोक मशीनच्या स्क्रूच्या जागी येईना. बेल्टही चार बोटे तोकडा. संच दुसऱ्याच कुठल्या मशीनचा होता.

अक्काचा चेहरा उतरला. पुढे जे झाले ते सांगायचे म्हणून आजचा हा लेख.

दुसऱ्या दिवशी पार्सल आणणारा मुलगा गल्लीत शेजाऱ्यांचे सामान द्यायला आला. अक्काने त्याला दारातच गाठले. "फसवता का रे आम्हाला? पैसे काय झाडाला लागतात?" पोरगा वीस-बावीस वर्षांचा. घामाघूम झालेला. तो एवढेच म्हणाला, "काकू, मी डबा आणतो. डब्यात काय हाय, मले कसं मालूम?" आणि मान खाली घालून गेला.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. "आई, बसली का मोटर?" झाले! अक्का म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं नसत्या उठाठेवी करायला? पैसे जास्त झाले का?" पलीकडे एकदम शांतता. मग भाची म्हणाली, "बरं, पुन्हा काही पाठवणार नाही." फोन बंद.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो अक्का ते खोके फाडून अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घालायला निघालेली. मी ते हातातून ओढून घेतले. खोक्यावरच ऑर्डरचा नंबर होता, तारीख होती, विकणाऱ्याचा पत्ता होता. तो कागद जळला असता तर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

भावजी ओसरीवर बसून हे पाहत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेले पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा. त्यावरून भावजी म्हणाले, "तुझी गोटमारच सुरू हाय. गोटा कोणाले मारला अन् लागला कोणाले!"

अक्का गप्प झाली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मोटरचं जाऊ दे गं. पोरीनं एवढ्या हौसेनं पाठवलं होतं."

खरा राग तिथे होता, मैत्रिणींनो. गुडघे साथ देत नाहीत, गिऱ्हाइकांना शब्द दिलेला, आणि मुलीची माया अशी चुकीच्या मापाने दारात आलेली. पण हे सगळे निघाले कुणावर? ज्याचा काही दोष नव्हता त्या पोरावर, आणि जिने प्रेमाने पाठवले तिच्यावर. ज्याने चुकीचा संच भरला त्याला मात्र तीन दिवसांत एक अक्षरही कळवलेले नव्हते. वड्याचे तेल वांग्यावर म्हणतात ते हेच.

माझ्या सासूबाई अशा वेळी म्हणतात, "सिट्टिन्याग कोय्द मूग मत्त बरूदिल्ल." रागात कापलेले नाक पुन्हा येत नाही. अक्काला मी ते सांगितले. माहेरचे कन्नड कानावर पडताच ती हसली आणि आधी तिने मुलीला फोन लावला. काय बोलली ते मी ऐकले नाही, मुद्दाम आत गेले.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. चारच ओळी लिहिल्या: काय मागवले, काय आले, कधी आले, आम्हाला काय हवे. पट्टी, बेल्ट, खोके आणि बिल यांचे फोटो काढले. भाचीने तिकडून तक्रार नोंदवली. पहिले उत्तर आले की वस्तू चालू स्थितीत आहे, परत घेता येत नाही. अक्काचा पारा पुन्हा चढला, पण या वेळी ती आत जाऊन पाणी पिऊन आली आणि म्हणाली, "पुढे लिही."

पुढे लिहायला कायदा आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीचे नियमही आले. सदोष किंवा जाहिरातीत सांगितले त्यापेक्षा वेगळी वस्तू आली तर विकणाऱ्याला ती परत घेणे नाकारता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तेवढ्याने भागले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. शेवटी, आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे शुल्क नाही.

आम्हाला तिथवर जावे लागले नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याला सगळे कागद पाठवल्यावर नवव्या दिवशी संच परत नेला आणि भाचीच्या खात्यात पैसे जमा झाले. मोटर पांढुर्ण्याच्या एका मशीन दुरुस्तीवाल्याने आणून बसवली. तो म्हणाला, "फोटो पाहून नका मागवू, मशीनचं माप पाहून मागवा." थोडी चूक आपलीही होती, हे अक्काने तेव्हा कबूल केले. तोवर महालक्ष्म्यांचे ब्लाऊज आम्ही दोघींनी शिवले. पाय माझे, हात तिचे.

मी निघायच्या आदल्या दिवशी तो पार्सलवाला पोरगा पुन्हा गल्लीत दिसला. अक्काला पाहून तो सायकलसकट वळायला लागला. अक्काने हाक मारली, "अरे, थांब जरा!" आणि आतून पाण्याचा तांब्या व दोन करंज्या घेऊन गेली. तो म्हणाला, "काकू, मोटर झाली का बरोबर?" अक्का म्हणाली, "मोटर झाली. आता मी बरोबर होऊन राह्यली."

तुमच्या दारात चुकीचे खोके आले तर पहिला दिवस कुणालाच काही बोलू नका. खोके मात्र जपून ठेवा.