घर गहाण टाकलेल्याचे कर्ज

जोगेश्वरी पूर्वेला महामार्गापासून माजासवाडीकडे आत वळले की इंडस्ट्रियल इस्टेटचे गाळे लागतात. पोटमाळ्यावर ऑफिस, खाली दोन-तीन मशीन, दाराशी जॉबवर्कच्या चलनांची फाईल आणि कूलंटचा वास. अशा गाळ्यातला धंदा वाढून लिमिटेड कंपनी झाला, की ताळेबंदात एक ओळ हमखास दिसते : ‘संचालकांकडून घेतलेले विनातारण कर्ज’. सेबीच्या नव्या नियमांत नेमकी हीच ओळ अडकली आहे.

लहान कंपन्यांच्या समभागविक्रीचे नियम कडक करण्याचा प्रस्ताव सेबीने नोव्हेंबर 2024 मध्ये मांडला, मार्च 2025 मध्ये ते लागू झाले. कडक करणे भागच होते. 2024 च्याच ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एका दुचाकी विक्रेत्या कंपनीने, दोन शोरूम आणि आठ कर्मचारी एवढ्या पसाऱ्यावर, बारा कोटींची विक्री काढली आणि लोकांनी चारशे पटींहून जास्त मागणी नोंदवली. त्यामुळे मागच्या तीनपैकी दोन वर्षे किमान एक कोटीचा कार्यचालन नफा हवा, जुन्या भागधारकांनी विकायचे समभाग एकूण विक्रीच्या 20 टक्क्यांपलीकडे नकोत, मसुदा 21 दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवावा, अर्ज दोन लाखांच्या वरचाच असावा, या साऱ्या अटी योग्यच आहेत. एक कोटीचा नफा दाखवता येत नसेल, तर त्या गाळ्याने लोकांच्या पैशाला हात लावू नये. त्याने बँकेकडे जावे.

पण एक अट सरसकट लावली गेली आहे. विक्रीतून आलेल्या पैशातून प्रवर्तकाचे किंवा त्याच्या नातलगांचे कर्ज फेडायचे नाही, थेट नाही आणि आडवाटेनेही नाही. कंपनी आधी पोखरायची आणि मग लोकांच्या पैशाने स्वतःचे खिसे भरायचे, ही लबाडी रोखायला ती आणली. हेतू चांगलाच आहे. मात्र गाळेवाल्याचे कर्ज कुठून येते ते पाहा. लहान पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांत चुकते करावेत, असे लघुउद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात मोठी कंपनी तीन-तीन महिने बिल अडकवते, आणि तिच्यावर तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते. बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा संपलेली असते आणि कामगारांचा पगार तर सात तारखेला द्यायचाच असतो. मग राहते घर गहाण पडते, बायकोचे दागिने जातात, आणि तो पैसा संचालकाचे कर्ज म्हणून कंपनीत येतो. याला पोखरणे म्हणायचे?

कर्जाचे भांडवलात रूपांतर करा, असा सल्ला सल्लागार देतात. पण त्या समभागांवर विक्रीबंदी. प्रवर्तकाने राखायच्या किमान वाट्यापलीकडचे निम्मे समभाग एक वर्ष आणि उरलेले दोन वर्षे विकता येत नाहीत. घराचा हप्ता मात्र दर महिन्याला द्यावाच लागतो.

यावर उपाय कागदावर करता येण्यासारखा आहे. घरावरच्या कर्जाचे बँकेचे मंजुरीपत्र, ती रक्कम कंपनीच्या खात्यात आल्याची नोंद आणि तिथून मशीन, माल किंवा पगारावर झालेला खर्च, हे तीन कागद लेखापरीक्षकाने जुळवून प्रमाणित करावेत. तसे कर्ज विक्रीच्या दहा टक्क्यांपर्यंत फेडू द्यावे, आणि पैसा प्रवर्तकाच्या हाती न देता थेट बँकेच्या कर्जखात्यात भरावा. ज्याच्याकडे हे तीन कागद नाहीत, त्याला आजची बंदी राहू द्यावी. लबाडाला हे तीन कागद जुळवता येणार नाहीत, घर गहाण टाकलेल्याकडे ते पहिल्या दिवसापासून असतात.

प्रस्ताव आला तेव्हा हरकती पाठवायला मुदत होती. मर्चंट बँकर आणि मोठे सल्लागार त्या मुदतीत बोलले असतील. गाळेवाला त्या वेळी बिलांच्या वसुलीसाठी फोन करत बसला होता. लघुउद्योजकांच्या संघटनांनी आता हे काम अंगावर घ्यावे, सभासदांच्या ताळेबंदातली ती ओळ कागदांसह गोळा करावी आणि सेबीपुढे ठेवावी. सेबीचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, जोगेश्वरीपासून फार लांब नाही.