पाहणारे किती आणि टिकणारे किती?



रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात काय, शिरपूर-शिंदखेड्याच्या कपाशीच्या शिवारात काय, घरातला मुलगा किंवा मुलगी शेतातली कामे मोबाईलवर टिपून यूट्यूबवर टाकते, हे आता नवे राहिलेले नाही. आठ-पंधरा दिवस उत्साह असतो. मग "पन्नासच माणसांनी पाहिले" म्हणून मन खट्टू होते, आणि वडीलमंडळी म्हणतात, "सोड तो नाद, पाण्याची बारी धर." अशा वेळी आधी मोजमाप नीट करावे, मग निर्णय घ्यावा.

एक जुना दाखला पाहा. 1956 साली पुणे आकाशवाणी व युनेस्को यांनी मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतील 150 गावांत शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. गावातली वीसेक माणसे आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसत, ऐकलेल्यावर चर्चा करीत आणि शंका केंद्राकडे पाठवीत. असे 20 कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने आधी व नंतर गावकऱ्यांना विचारून पाहिले. मंडळांच्या गावांत माहितीत ठळक भर पडली होती; नुसता रेडिओ असलेल्या गावांत फार थोडी. म्हणजे आवाज किती कानांवर पडला, यापेक्षा ऐकणाऱ्याने उलट विचारले का, याला महत्त्व.

तुमच्या घरच्या चित्रफितींनाही हेच लागू आहे. माणसे यावीत यासाठी एवढे करा:

1. एका चित्रफितीत एकच प्रश्न घ्या. नाव शेतकऱ्याच्या बोलीत द्या. शोधणारा 'सिगाटोका' लिहीत नाही, 'केळीचा करपा' लिहितो. 'कुकुंबर मोझॅक' नाही, 'हरण्या' लिहितो.

2. हंगामाच्या थोडे पुढे राहा. बोंडअळीची माहिती कपाशी वेचून झाल्यावर कोणाच्या कामाची?

3. आठवड्याला एकच टाका, पण ठरलेल्या वारी. कामाच्या धबडग्यात रोजचा नेम टिकत नाही.

4. आलेल्या प्रश्नाचे उत्तर द्या. चांगला प्रश्न हीच पुढची चित्रफीत.

आता मोजणी. यूट्यूब स्टुडिओत सगळे आकडे मिळतात. रविवारी एकदाच पाहून वहीत चार रकाने भरा: माणसे कुठून आली (शोधून, की व्हॉट्सॲपवरून), सरासरी किती मिनिटे थांबली, परतून किती आली आणि किती जणांनी प्रश्न विचारला. सहा मिनिटांच्या चित्रफितीवरून माणूस पहिल्याच मिनिटाला उठत असेल, तर सुरुवातीचे नमस्कार-चमत्कार कमी करा. शोधून येणारे वाढत असतील, तर नाव बरोबर ठेवले आहे असे समजा. सगळी गर्दी व्हॉट्सॲपचीच असेल, तर तुम्हाला अजून सोयरेधायरेच पाहत आहेत.

पैशाचा हिशोबही रोखठोक मांडा. लांब चित्रफितींवर जाहिरातीचा वाटा मिळायला 1,000 सदस्य आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहणे लागते. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटे. प्रत्येकजण तीन मिनिटे थांबला, तर चित्रफिती 80,000 वेळा पाहिल्या जायला हव्यात. म्हणून या मिळकतीच्या भरवशावर उसनवारी करून कॅमेरा घेऊ नका. "पैसे द्या, हजार सदस्य देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परतवा. ते सदस्य टिकत नाहीत, आणि नियमाविरुद्ध असल्याने चॅनेलही धोक्यात येते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बांधावर बोललेली चूक एका शेतात राहते. मोबाईलवर बोललेली शेकडो शेतांत जाते. फवारणीचे औषध आणि मात्रा सांगण्यापूर्वी त्या पिकासाठी लेबलवर शिफारस आहे का, ते वाचा. शंका असल्यास पाल, ममुराबाद किंवा धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारा. तुमच्या शब्दावर कोणीतरी पंप पाठीवर घेणार आहे.

सहा महिने वही लिहा, आणि मग घरातल्या सर्वांनी मिळून ती उघडा. साठच माणसे पाहत असतील, पण त्यांतली वीस दर आठवड्याला परतून येत असतील आणि पाच जण प्रश्न विचारीत असतील, तर मुलांना आठवड्यातला तेवढा एक तास जरूर द्या. परतून कोणीच येत नसेल, तर पाण्याची बारी धरलेली बरी.