रात्रपाळीपर्यंत पोहोचणारा निरोप

पैठणच्या जायकवाडी धरणातून गोदावरीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला नदीत उतरणाऱ्या पाण्याचे क्युसेकमध्ये, अर्थात घनफुटांत, मोजलेले प्रमाण, वाढला की परभणी जिल्ह्यात निरोपांची एक रीतसर साखळी हलू लागते. जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलला, तहसीलमधून तलाठी, पोलीस पाटील आणि कोतवालापर्यंत आणि तेथून पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत ‘गंगेला (म्हणजे गोदावरीला) पाणी येतंय’ हे शब्द पोहोचतात. मात्र निरोप ऐकणारा माणूस उठून चालू शकतो, हे या साखळीने गृहीत धरलेले असते. वृद्धाश्रमात, दिव्यांग मुलांच्या निवासी शाळेत किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या शुश्रूषाकेंद्रात हे गृहीतक लागू पडत नाही. तेथे निरोप ऐकणारी एक व्यक्ती असते आणि तो निरोप अमलात आणण्यासाठी तिला वीस-पंचवीस माणसे उचलावी लागतात.

सप्टेंबर २०२४च्या पहिल्या दोन दिवसांतील पावसाने परभणी जिल्हा झोडपला आणि सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाडाभर पिकांसह जमिनीही खरवडून गेल्या. महसूल खात्याच्या भाषेत एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की अतिवृष्टी ठरते, तिच्या आधारावर पंचनामे होतात आणि मदतीचे हिशेब मांडले जातात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही व्याख्या अत्यावश्यक आहे, यात शंका नाही. परंतु त्याच रात्री वीज गेलेल्या खोलीत ज्यांचे औषध चुकले, ज्यांना रात्रभर ओल्या गादीवर पडून राहावे लागले, त्यांचा पंचनामा कोणत्याही नमुन्यात बसत नाही.

निरोप कसा असावा, याचा उत्तम धडा खुद्द परभणीतच उपलब्ध आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून दर मंगळवारी व शुक्रवारी दिला जाणारा कृषी हवामान सल्ला केवळ पावसाचा अंदाज सांगून थांबत नाही. फवारणी पुढे ढकलावी, शेतात साचलेल्या पाण्याचा निचरा करावा, काढलेले पीक झाकून ठेवावे, असे तो पिकाचे नाव घेऊन सांगतो. आकड्याचे कामात रूपांतर झाल्याखेरीज त्याला निरोप म्हणता येत नाही, हे या जिल्ह्याला शेतीत पुरते उमगलेले आहे. मग हवामान खात्याचा ‘ऑरेंज अलर्ट’ म्हणजे वृद्धाश्रमातील रात्रपाळीच्या मावशींनी आज संध्याकाळी नेमके काय करायचे, हे त्यांना कोणीच का सांगू नये? पिण्याचे पाणी भरून ठेवावे, तळमजल्यावरील आजी-आजोबांच्या खाटा वर हलवाव्यात, बॅटऱ्या आणि मोबाईल चार्ज करावेत, वीज गेल्यास इन्सुलिन कोठे ठेवायचे ते ठरवावे, एवढे चार ओळींचे पत्रक पुरेसे ठरेल.

निरोपांची संख्या वाढल्याने माणसे वाचतात, हाही समज तपासून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हॉलिवूड नावाचे एक शहर आहे (चित्रपटांचे हॉलिवूड वेगळे). सप्टेंबर २०१७च्या इर्मा चक्रीवादळात तेथील एका शुश्रूषाकेंद्राच्या वातानुकूलन यंत्रणेचा वीजपुरवठा तुटला. इमारतीत दिवे चालू होते, वीज कंपनीला आणि थेट गव्हर्नरांच्या क्रमांकावर फोन जात होते, मोठे रुग्णालय जवळच होते. तरीही खोल्या तापत राहिल्या आणि उष्म्यामुळे बारा वृद्धांचा बळी गेला. वीजपुरवठा दुरुस्त करून मिळावा, या एकाच मागणीत तीन दिवस निघून गेले. याउलट जपानच्या कुमामोतो प्रांतात ४ जुलै २०२० रोजी कुमा नदीचे पाणी एका वृद्धाश्रमात शिरले तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी धावून येऊन कर्मचाऱ्यांसह वृद्धांना हातांवर उचलून वरच्या मजल्यावर नेले. तेथेही चौदा जण दगावले, ही हानी लहान नव्हे. पण जे वाचले त्यांना वाचविणारे हात शेजारचे होते, ही गोष्ट परभणीतील प्रत्येक संस्थेने लक्षात ठेवावी.

निरोपांची संख्या वाढविण्यात नातेवाइकांचा वाटा मोठा आहे. पावसाच्या बातम्या दिसू लागताच पुण्या-मुंबईहून, परदेशातून संस्थेच्या एकुलत्या मोबाईलवर फोनांची रीघ लागते. विजेची डीपी जळालेली असते, टॉवरची रेंज जात-येत असते, बॅटरी उतरत असते आणि प्रत्येक फोन घेण्यासाठी मावशींना कोणाच्या तरी उशाकडून उठावे लागते. बरे, विचारले जाते ते ‘आई बरी आहे ना?’ आणि उत्तर मिळते ते ‘हो, बरी आहे’. या प्रश्नाला दुसरे उत्तर संभवतच नाही. त्यापेक्षा घरटी एकाच व्यक्तीने बोलायचे, संस्थेने सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी सर्वांना एक लघुसंदेश पाठवायचा, आणि विचारायचे तर आईला सकाळपासून लघवी किती वेळा झाली, गोळ्या किती दिवसांच्या उरल्या, तिला हलवायचे ठरले तर कोण उचलणार, असे ठाम उत्तर देता येईल तेवढेच विचारायचे, हा करार पावसाळ्यापूर्वी व्हायला हवा. लघवीचा प्रश्न काहींना संकोचाचा वाटेल; परंतु तो उन्हाळ्यातही कामाचा आहे: मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला असता, म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावत असल्यामुळे, शरीरातील पाणी घटल्याची पहिली खबर तेथूनच मिळते.

ही खबर सर्वांत आधी ज्यांना लागते त्या मावशींना मात्र अनेक ठिकाणी ती थेट पुढे देण्याची मुभा नसते. आजोबांचे बोलणे अडखळू लागल्याचे त्यांना दिसते. त्यांनी व्यवस्थापकाला सांगायचे, व्यवस्थापकाने सचिवांना, सचिवांनी डॉक्टरांना, आणि तोवर रात्र सरते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्याचा आणि १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर मदत मागण्याचा अधिकार रात्रपाळीवरील व्यक्तीला लेखी दिला पाहिजे, आणि त्या फोनबद्दल तिला नंतर कोणीही जाब विचारता कामा नये. त्याबरोबर प्रत्येक खाटेला प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद अडकवलेला असावा: नाव, आजार, चालू औषधे, घरचा क्रमांक, आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत ‘चालतात’, ‘धरून चालतात’ किंवा ‘उचलावे लागते’. अंधारात बोट घेऊन आलेल्या अनोळखी तरुणाला या एका ओळीवरून कोणाकडे आधी वळायचे ते कळते.

दिवाळीत फराळाचे डबे घेऊन अनेक कुटुंबे या संस्थांच्या पायऱ्या चढतील. त्या भेटीत खाटेला तो कागद आहे का, हे पाहता येईल. रात्रपाळीला कोण असते, त्यांचे नाव काय, त्यांचा स्वतःचा क्रमांक कोणता, हे विचारून घेता येईल. त्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहण्याचे कारण नाही. डिसेंबरअखेर परभणीचा पारा ५ अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत, आणि तशा पहाटे कोणाचे पांघरूण सरकले आहे, हे फक्त रात्रपाळीच्या मावशींनाच ठाऊक असणार आहे.