लाज राखणे आणि लांछन पुसणे

मराठी भक्तिपरंपरेत देवाकडे मागणे असते ते लाज राखण्याचे. द्रौपदीवस्त्रहरणाच्या प्रसंगात लाज ही जपायची ठेव आहे. हिब्रू धर्मग्रंथात मात्र ती बहुधा माणसावर येऊन पडलेले ओझे असते, आणि देव ते दूर करतो. यहोशवाच्या पुस्तकात गिलगाल हे स्थळनामच ‘लोटून देणे’ या क्रियेशी जोडले आहे. मिसर देशाचे लांछन तेथे लोटून दिले गेले.

हे ओझे पापाचेच असणार, असे गृहीत धरून हे उतारे वाचले जातात. आम्हांस ते मान्य नाही. यशयाच्या ५४व्या अध्यायात वैधव्याचे लांछन विसरले जाईल, असे आश्वासन आहे. तेथील विधवा हे सीयोनचे रूपक आहे, आणि त्या नगरीचे अपराध संदेष्टा अन्यत्र सांगतोच. परंतु रूपकासाठी त्याने निवडली ती निरपराध स्त्रीची नामुष्की. योएलच्या पहिल्या अध्यायात टोळधाडीने शेत उजाड होते, तेव्हा ‘वाळणे’ आणि ‘लज्जित होणे’ या क्रियापदांच्या रूपसाम्यावर कवी श्लेष साधतो. दुसऱ्या अध्यायात आधी खळी धान्याने भरतात. लोक पुन्हा लज्जित होणार नाहीत, हे वचन त्यानंतर येते. हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

यहेज्केलचा ३६वा अध्याय या मांडणीला अडवतो, हे खरे. तेथे दुष्काळाची नामुष्की संपल्यावर लोकांना स्वतःच्या वर्तनाची लाज वाटू लागते. पण ती पोट भरल्यानंतरची, विवेकाची लाज आहे. जगाने लादलेल्या लांछनाशी तिची गल्लत करू नये.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली विधवांसाठी शारदा सदन काढले, १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या, आणि अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. वैधव्य आणि दुष्काळ ही दोन्ही लांछने त्यांच्या आश्रमातच राहत होती. त्या भाषांतराला केवळ धर्मप्रसाराच्या खात्यात टाकणारा आमचा वाङ्मयेतिहास या गोष्टीकडे पाहत नाही.

पुलगावचा परिसरही तेव्हा मध्य प्रांतातच होता. २००६ साली केंद्राने विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कर्जापायी नवरा गमावलेल्या बाईला आपण धीर धरायला सांगतो. योएल आधी खळ्याकडे पाहतो. वर्गात हा कवी शिकवायचा, तर येथून सुरुवात करावी.