अकरावीत सोडलेलं गणित फायनल इयरला गाठतं!

सीईटी झाली, अ‍ॅडमिशन झाली, एम-थ्रीही कशीबशी निघाली. आता गणिताचा आणि आपला संबंध संपला, असं वाटतंय? मग ‘गेट’चा पेपर एकदा उघडून बघाच.

‘मेकॅनिकल नको रे, त्यात फार गणित असतं. कॉम्प्युटर घे, कोडिंग आलं की झालं!’

कॅप राउंडचे फॉर्म भरताना हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी दिला असेल. दादाने, क्लासमधल्या मित्राने, नाहीतर शेजारच्या काकांनी. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांसाठी ब्रँचच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर ज्या जागा वाढल्या त्या मुख्यतः कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डेटा सायन्सच्या. म्हणजे गणित टाळायला म्हणून या ब्रँचकडे वळलेली मुलंही वाढली.

गंमत पुढेच आहे. २०२४ मध्ये ‘गेट’ने डेटा सायन्स आणि एआयचा नवा पेपर सुरू केला. त्याच्या अभ्यासक्रमात सात विभाग आहेत आणि त्यातले पहिले तीन कोणते? प्रोबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस-ऑप्टिमायझेशन. शुद्ध गणित! ज्याला टाळून पळालो, तेच दारात खुर्ची टाकून बसलेलं.

तेरा मार्कांचा हिशेब

बाकीच्या ब्रँचचं काय? गेट १०० मार्कांची, ३ तासांची, ६५ प्रश्नांची. बहुतेक पेपरांत १५ मार्क अ‍ॅप्टिट्यूडचे, साधारण १३ मार्क इंजिनीअरिंग मॅथ्सचे आणि उरलेले ७२ तुमच्या विषयाचे. हे १३ मार्क ७२च्या मानाने किरकोळ वाटतात. पण ७२ मार्कांसाठी आठ-दहा विषय करावे लागतात आणि १३ मार्कांसाठी एकच. शिवाय त्यातले टॉपिक दरवर्षी जवळपास तेच: मॅट्रिक्स, लिमिट-डेरिव्हेटिव्ह, डिफरन्शिअल इक्वेशन, प्रोबॅबिलिटी. एवढा खात्रीचा विषय पेपरात दुसरा नाही. तरी आपल्याकडे तो शेवटच्या महिन्यासाठी ठेवला जातो. कारण एम-वन, एम-टू, एम-थ्री या आपल्या लेखी केटी न लागता पार करायच्या गोष्टी, पेपर झाला की विसरायच्या.

घोळ कुठे होतो?

दोष फक्त इंजिनीअरिंगचा नाही. जरा मागे जा. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. निगेटिव्ह मार्किंग नाही. मग क्लासमध्ये पहिली शिकवण काय? ‘सोडवत बसू नका, पर्याय ठेवून बघा.’ त्या परीक्षेपुरतं ते बरोबरच आहे. पण दोन वर्षं आपण उत्तर शोधायला नाही, तर चारांतून निवडायला शिकतो.

गेटमध्ये काही प्रश्नांना पर्यायच नसतात. स्क्रीनवर रिकामा चौकोन, आकडा तुम्ही टाइप करायचा. २०२१ पासून एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे प्रश्नही आले. त्यात सगळे बरोबर पर्याय टिपले तरच मार्क, अर्धवटाला शून्य. या दोन प्रकारांना निगेटिव्ह मार्किंग नाही, पण तुक्क्यालाही फारशी जागा नाही.

दुसरी गोष्ट जास्त दुखरी आहे. सीईटीत अकरावीला वजन फक्त २० टक्के. अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं. साहजिकच अकरावी म्हणजे ‘रेस्ट इयर’! आता आपल्या राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकातले धडे आठवा. डिटरमिनंट-मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी, कॉम्प्लेक्स नंबर्स, फंक्शन्स, लिमिट, कंटिन्युइटी. गेटच्या गणिताचा पाया बऱ्याच अंशी हाच. जे वर्ष आपण उडवलं, त्याच वर्षात तो घातला जाणार होता.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची तर आणखी पंचाईत. त्यांची अकरावी-बारावी झालेली नसते, एम-वन, एम-टूही नाही आणि समोर थेट एम-थ्री. त्यांना ‘गणितात कच्चा’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही.

फॉर्म्युला पाठ, अर्थ गायब

पाया म्हणजे नेमकं काय, ते दोन उदाहरणांत बघू.

एक मॅट्रिक्स घ्या. पहिली ओळ २, १ आणि दुसरी १, २. आयगेन व्हॅल्यू काढा म्हटलं की आपण समीकरण मांडून बसतो. पण कर्णावरच्या आकड्यांची बेरीज, म्हणजे ४, ही दोन्ही आयगेन व्हॅल्यूंची बेरीज असते आणि डिटरमिनंट, म्हणजे ३, हा त्यांचा गुणाकार. बेरीज ४, गुणाकार ३. उत्तर ३ आणि १, तोंडी! आता अर्थ: हे मॅट्रिक्स (१, १) या दिशेतल्या बाणाला तिप्पट ताणतं आणि (१, -१) दिशेतल्या बाणाला हातच लावत नाही. हा अर्थ कळला, तर भरमसाट डेटा मोजक्या दिशांमध्ये कसा मावतो हे मशीन लर्निंगमध्ये शिकताना डोकं गरगरत नाही.

दुसरं उदाहरण. एक आजार शंभरात एकाला होतो. टेस्ट ९९ टक्के आजारी लोकांना बरोबर पकडते, पण ५ टक्के निरोगी लोकांनाही चुकून पॉझिटिव्ह ठरवते. तुमची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर तुम्ही खरंच आजारी असण्याची शक्यता किती? ‘९९ टक्के’ म्हणालात? थांबा. १०,००० लोक धरा. १०० आजारी, त्यातले ९९ पॉझिटिव्ह. ९,९०० निरोगी, त्यातले ४९५ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५९४ आणि त्यातले खरे आजारी ९९. म्हणजे सहात एक, १७ टक्क्यांच्या आतच! बेजचं सूत्र पाठ नसलं तरी हे सुटतं, कारण माणसं मोजायची आहेत, अक्षरं नाही.

मग करायचं काय?

* सेकंड किंवा थर्ड इयरला असाल तर आत्ता सुरू करा. थर्ड इयरलाही गेट देता येते आणि स्कोअर ३ वर्षं चालतो.
* बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात. लाज वाटू देऊ नका, आधी तीच काढा. रोज एक तास, दीड-दोन महिने.
* गेटचे जुने पेपरही फुकट आहेत. पर्याय झाकून सोडवा. उत्तर आलं की मगच पर्याय बघा.
* चुकलेल्या गणितांची वेगळी वही करा. चूक आकडेमोडीची की कल्पनेची, ते शेजारी लिहा. दुसऱ्या प्रकारच्या चुका वाढल्या की पुन्हा मूळ धड्याकडे जा.
* कुठे अडलात तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स आहेत. महागडा कोर्स घेण्याआधी ती बघा.

गेट ही एकच वाट नाही, हे खरं. पण एम.टेकची सीट आणि महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती, काही सरकारी कंपन्यांतली नोकरी, हे सगळं याच स्कोअरवर मिळतं. लाखांची फी भरू न शकणाऱ्या घरातल्या मुलामुलींसाठी अशा वाटा फार नाहीत.

आणि हो, घरात कुणी धाकटं अकरावीला असेल, तर ‘रेस्ट इयर’वाला सल्ला तेवढा देऊ नका.