माजूर कोणाला म्हणता?

आमच्या समाजात एखाद्याचा पाय गेला की त्याची जागा ठरून जाते. शुक्रवारी मशिदीच्या दाराशी, नाहीतर बारा महिने घरातल्या बाजेवर. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात पाय जाण्याची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. रात्री-बेरात्री धावणारे संत्र्याचे ट्रक, ट्रॅक्टर, थ्रेशर, आणि अलीकडे साखरेच्या आजारात पायाला होणारे गँगरीन. माणसे बहुतेक हातावर पोट असणारी. हमाल, क्लीनर, मिस्त्री, शेतमजूर. पाय कापला जातो, महिनाभर लोक भेटायला येतात, 'सब्र करो, अल्लाह की मर्जी' म्हणतात, उशाशी शे-दोनशे रुपये ठेवतात आणि निघून जातात. त्यानंतर त्या माणसाचे नावही मागे पडते. मोहल्ल्याच्या लेखी तो 'माजूर' होतो.

माझा वाद या शब्दाशी आहे. माजूर म्हणजे ज्याला उज्र आहे, म्हणजेच ज्याला सूट आहे तो. ही सूट कशाची? उभे राहता येत नसेल तर बसून नमाज पढावी, बसता येत नसेल तर आडवे होऊन पढावी. म्हणजे पद्धत बदलली, नमाज माफ झाली नाही. शरीयतने त्या माणसाला कामातून काढून टाकले नाही, त्याच्या शरीराला जमेल अशी वाट करून दिली. आम्ही मात्र या शब्दाचा अर्थच फिरवला. त्याला साऱ्या जगण्यातून सूट देऊन टाकली आणि आपल्या जबाबदारीतून स्वतःची सुटका करून घेतली. सब्र हा ज्याच्यावर बेतले त्याचा गुण आहे. बघ्यांनी तो आपली सबब म्हणून वापरू नये.

जमेल अशी वाट म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर एका खेळाकडे पाहावे. त्याचे नाव पॅरा पॉवरलिफ्टिंग. पायांनी अधू असलेल्यांचा हा खेळ. खेळाडू बाकावर उताणा झोपतो, पाय बाकावरच सरळ ठेवतो आणि हवे तर पट्ट्याने बांधून घेतो. एक पाय नसला की शरीर एका बाजूला कलते, म्हणून हा पट्टा महत्त्वाचा. दोन्ही हातांनी वजनाचा दांडा छातीपर्यंत आणायचा, तिथे क्षणभर स्थिर ठेवायचा आणि दोन्ही कोपरे सरळ होईपर्यंत वर न्यायचा. तीन पंच, तीन संधी. धडधाकट माणूस असे वजन उचलताना पायाने जमीन रेटतो, इथे तो आधारही नाही. गट फक्त शरीराच्या वजनावर पडतात. पोलिओ झालेला, पाय कापलेला, जन्मतः पाय नसलेला, सगळे एकाच बाकावर येतात.

1964 च्या टोकियो पॅरालिम्पिकपासून या ना त्या रूपात वजन उचलण्याची ही स्पर्धा होत आली आहे. स्त्रियांना 2000 साली सिडनीत प्रवेश मिळाला. 2016 साली रिओमध्ये इराणच्या सियामंद रहमानने 310 किलो उचलले. आपल्या कापसाच्या भाषेत तीन क्विंटल दहा किलो, तेही पायांच्या बळाशिवाय. 2020 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. ब्रिटनचा सैनिक मिकी यूल याचे दोन्ही पाय 2010 साली अफगाणिस्तानात स्फोटात गेले. 2021 मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्याने 72 किलो गटात कांस्यपदक घेतले. त्याच गटाचे सुवर्ण इराणच्या रूहल्ला रोस्तमीचे. इराणमध्ये 1980 ते 1988 च्या युद्धाने हजारो जवान अपंग झाले. त्यांच्यासाठी तिथे खेळाची सोय उभी राहिली, आणि सोय असली की खेळाडू तयार होतात. यात चमत्कार काही नाही.

परदेश लांब वाटत असेल तर आपल्याकडे या. बंगळुरूचे फरमान बाशा यांना पोलिओ झाला होता. 2008 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पश्चिम बंगालच्या उत्तर चोवीस परगण्यातली सकीना खातून हीसुद्धा पोलिओग्रस्त. बंगळुरूला येऊन फरमान बाशांच्या हाताखाली ती तयार झाली. 2014 मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य, 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य, आणि टोकियोत 93 किलो उचलून पाचवा क्रमांक. एका मुसलमान मुलीला दुसरा मुसलमान खेळाडू शिकवतो आणि ती देशाचे नाव काढते. आमच्या किती जलशांत, किती खुत्ब्यांत, किती शाळांच्या स्नेहसंमेलनांत हे नाव घेतले गेले? नट-नट्यांची नावे आमच्या पोरांना तोंडपाठ आहेत.

काहींना हे सारे दीनबाहेरचे वाटेल. त्यांनी आपलाच इतिहास उघडावा. मदिनेच्या सात फकीहांपैकी एक, उर्वा बिन जुबैर, यांचा पाय सडल्यामुळे कापावा लागला. त्यांना कोणी दाराशी बसवले नाही, त्यांच्याकडून हदीस शिकली. 'कश्शाफ' ही तफसीर लिहिणारे जमख्शरी यांचा एक पाय नव्हता. अंध सहाबी अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम यांच्याकडे दुर्लक्ष झाले म्हणून सूरह अबसच्या आयती उतरल्या. पुढे हुजूर (स.) मदिनेबाहेर जाताना अनेकदा त्यांनाच मागे प्रमुख नेमून गेले. ज्या दीनने अंध माणसाच्या हाती शहर सोपवले, त्याचे अनुयायी एका पाय तुटलेल्या हमालाच्या हाती फक्त कटोरा देतात, हे कुठल्या सुन्नतीत बसते?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. खेळून पोट भरते काय? पदक फार थोड्यांना मिळते, हे खरे आहे. पण काठी किंवा कुबडी घेऊन चालणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात. ते बळकट झाले तर तो स्वतः उठेल, स्वतः संडासला जाईल, दुकानावर बसेल, कामावर जाईल. अर्थात शिकवणारा हवा आणि वजन सावरायला दोन माणसे हवीत. चुकीच्या व्यायामाने खांदा गेला तर उरलेले पायही गेले. साखरेच्या रोग्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय दांड्याला हात लावू नये. हा खेळ दोन्ही हात शाबूत असणाऱ्यांचा आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्याचा हात गेला त्याने नाशिक जिल्ह्याच्या दिलीप गावितकडे पाहावे. एका हातानिशी तो धावला आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 400 मीटरचे सुवर्ण घेऊन आला.

सरकारही यातून सुटत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळाचे स्वतंत्र कलम आहे. कायदा दिल्लीत झाला, त्याचा बाक वरूडला यायला हवा. ज्या अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे, जिथला संघ 1936 साली बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आला, त्या जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पाय नसलेल्याला व्यायामाची जागा मिळू नये काय? आमच्याकडच्या जिम बहुधा दुसऱ्या मजल्यावर असतात. पायऱ्या पाहूनच तो परत फिरतो.

आता करायचे काय? या खेळाचा बाक 2 मीटर 10 सेंटिमीटर लांब आणि 61 सेंटिमीटर रुंद असतो, डोक्याकडे 30 सेंटिमीटरपर्यंत निमुळता होतो. सरावापुरता बाक माप दिले तर गावातला वेल्डरही बनवून देईल. तो तळमजल्यावर ठेवा. जकातीचा पैसा साहित्याला लागत नाही असे उलेमा म्हणतील. मान्य. साहित्य चंद्यातून आणा, आणि जकात त्या गरजू माणसाच्या हातात द्या. त्याच्या खुराकाला, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अमरावतीला खेटे घालायच्या भाड्याला ती लागेल. कुबड्या वाटून फोटो छापण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

आणि माझ्या शिक्षकबांधवांना एक सांगणे. पी.टी.च्या तासाला लंगडणाऱ्या पोराला दप्तरे राखायला बसवण्याचा रिवाज अनेक शाळांत आहे. सूट द्यायला शिकण्याची सुरुवात तिथेच होते. बी.एड.ला आपण सर्वसमावेशक शिक्षणावर पानेच्या पाने लिहून गुण घेतले. त्यातले एक पान मैदानावर उतरवू या. त्या पोराला मैदानात बोलवा, त्याला काय उचलता येते ते विचारा, आणि त्याच्या हाती वजन द्या.