कबुलीजबाब आणि रक्त

इंग्लंडमध्ये लेस्टर शहराजवळ नार्बरो आणि एन्डर्बी ही शेजारशेजारची गावे आहेत. नोव्हेंबर 1983 मध्ये नार्बरोत पंधरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. खुनी सापडला नाही. जुलै 1986 मध्ये एन्डर्बीत तसाच दुसरा खून झाला, तीही मुलगी पंधराचीच. या वेळी समजेने थोडा मागे असलेला सतरा वर्षांचा एक मुलगा पकडला गेला. चौकशीत त्याने दुसरा खून कबूल केला, पहिला मात्र नाही.

आपल्याकडे फाईल तिथेच बंद झाली असती. पत्रकार परिषदही झाली असती. तिथल्या पोलिसांना पहिला खूनही त्याच्यावर सिद्ध करायचा होता, म्हणून ते लेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्याकडे गेले. डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत त्यांनी 1984 मध्येच शोधली होती. निकाल उलटाच आला. दोन्ही खून एकाच माणसाचे, पण तो माणूस हा मुलगा नव्हे. डीएनएने गुन्हेगार पकडले जातात, हे सगळ्यांना माहीत असते. पण त्या खटल्यात गुन्हेगार पकडण्याआधी त्याने एक निरपराध सोडवला, हे फार कमी जण सांगतात.

मग 1987 मध्ये पोलिसांनी आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेतले. एकही जुळला नाही. कॉलिन पिचफोर्क नावाच्या बेकरी कामगाराने आपल्या नावावर सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवले होते. तो सहकारी पबमध्ये बोलून गेला, ते ऐकणाऱ्या एका बाईने पोलिसांना कळवले. जानेवारी 1988 मध्ये पिचफोर्कला जन्मठेप झाली.

उर्दूच्या तासाला मी मुलांना ‘तहकीक’ शब्द फोडून दाखवतो. त्याच्या मुळाशी ‘हक’ आहे, म्हणजे सत्य. सूरह हुजुरातमध्ये खबर आली की आधी तहकीक करण्याचा हुकूम आहे. कबुली हीसुद्धा एक खबरच.

हे सगळे वाचताना मालेगाव आठवल्याशिवाय राहत नाही. 8 सप्टेंबर 2006, शब-ए-बरातचा दिवस. स्फोटात मेले ते नमाजी, आणि पकडले गेले ते नऊ मुसलमान. त्या खटल्यातही कबुलीजबाब होते. 2016 मध्ये कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केले, तोवर त्यांतला एक जण हयातही नव्हता. त्यांच्या गेलेल्या वर्षांबद्दल आपण बोलतो, ते योग्यच आहे. पण त्या वर्षांत खऱ्या गुन्हेगाराचा मागही थंड पडत गेला. कब्रस्तानाबाहेर मेलेल्यांच्या घरच्यांचे नुकसान आपण मोजतच नाही.

जुलै 2024 पासून नवा कायदा आला. सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक पथकाने घटनास्थळी जायलाच हवे, असे त्यात आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुभा आहे. मी या कलमाचे मनापासून स्वागत करतो. मात्र पोलिसांसमोरची कबुली एरवी पुरावा धरली जात नाही, आणि मकोकाच्या कलम 18 खाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली आजही धरली जाते. नमुने गोळा करायची मेहनत घ्यायची कुणी, जर एका सहीवर काम भागत असेल?